चौदा लाल चौकोन

कल्याणप्पा माळावर आला तो मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच हसत होता. खडकवाडीचा हा माजी सरपंच एरवी धनगरवस्तीकडं फिरकत नसे. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना बिरोबाच्या ठाण्यापाशी बोलावलं, खिशातून मोबाइल काढला आणि नागूबाईच्या पुढ्यात धरला.

“बघ नागूबाई, वरून तुमची वस्ती कशी दिसती ती.”

नागूबाईनं डोळे बारीक करून बघितलं. मुरमाड माळ, विहिरीचा काळा ठिपका आणि त्याच्या आजूबाजूला विखुरलेले लाल चौकोन. चौदा होते. वस्तीत घरंही चौदाच होती.

“हे लाल कशापायी?” तिचा दीर सिदू म्हणाला.

“लाल म्हंजी अतिक्रमण. गायरान हाय हे. आता सगळा नकाशा ऑनलाइन आलाय तात्या. दिल्लीत बसून बी दिसतंय, तुमी सरकारच्या जागंत बसलाव म्हणून.”

या गायरानावर सौरऊर्जेवाल्या कंपनीला आणायचं कल्याणप्पाच्या मनात होतं. गावात ते कुणापासून लपलेलं नव्हतं. त्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं. पडद्यावर एक छोटी चौकट उघडली आणि तो ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचायला लागला. “प्रकार, अतिक्रमण. छप्पर, पत्रा. आन् खाली काय लिवलंय बघ. रेखाटन करणारी व्यक्ती, दैवशाला बंडगर.” त्यानं मोबाइल खाली घेतला. “ही तुझीच लेक न्हवं?”

नागूबाईनं पदर खोचला आणि मेंढरांकडं निघून गेली. बाकीचे मात्र तिथंच उभे राहिले, आणि एकामागून एक सगळ्यांनी नागूबाईच्या मुलाकडं, धनाजीकडं बघितलं.

दैवशाला एकतीस वर्षांची होती. या वस्तीतून संगणक शिकलेली ती पहिलीच. धाराशिवात खोली घेऊन राहायची आणि नकाशे तयार करणाऱ्या एका खासगी संस्थेत कंत्राटावर काम करायची. काम असं, की उपग्रहानं काढलेलं जमिनीचं चित्र पडद्यावर घ्यायचं, त्यातलं प्रत्येक छप्पर, विहीर, रस्ता माऊसनं गिरवायचा आणि गिरवलेल्या प्रत्येक आकारामागं त्याची माहिती भरायची. मग तो नकाशा वेबसाइटवर चढायचा आणि कुणीही तो मोबाइलवर उघडू शकायचा.

धनाजीचा फोन आला तेव्हा ती दुपारचा डबा खात होती.

“रविवारी ये,” तो म्हणाला. “समोर येऊन सांग.”

रविवारी ती जळकोटला हायवेवर एसटीतून उतरली आणि पुढं वस्तीपर्यंत चालत गेली. लिंबाच्या झाडाखाली माणसं जमलेली होती. तिला बसायची जागा कुणी केली नाही. सिदू म्हणाला, “आलीस व्हय? आता काय मोजायचं ऱ्हायलंय?”

“तात्या, म्या फकस्त छपराच्या रेघा काढल्या.”

“अतिक्रमण कुणी लिवलं मग? सॅटलाइटनं?”

तिनं लॅपटॉप उघडला आणि तो सिदूकडं फिरवला. “हे बगा. ऑनलाइन नकाशा एक नसतो, एकावर एक ठेवलेले बरेच असतेत. त्याला लेयर म्हणतेत. हा सगळ्यात खाली, उपग्रहाचा फोटो. त्याच्यावर हा जुना गावनकाशा. ह्या हिरव्या रेघंच्या आत गायरान.” तिनं प्रत्येक लेयर बंद करून, परत सुरू करून दाखवला. “आता त्या रेघंच्या आत म्या घर काढलं आन् प्रकारात ‘घर’ निवडलं, तर संगणक घेतच न्हाय. चूक म्हणून दाखवतो. तिथं ‘अतिक्रमण’ निवडल्याबिगर पुढं जाताच येत न्हाय.”

“मग पुढं जायचं न्हवतं,” धनाजी म्हणाला.

तिनं लॅपटॉप मिटला, तसं धनाजीनंच पुढं विचारलं,

“तुला कळलं न्हवतं का, कुठली वस्ती हाय ती?”

कागदावर फक्त नंबर असतात, गावाचं नाव नसतं, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण ते काम चालू असताना, एका सकाळी साडेअकरा वाजता ती विहीर पडद्यावर आली तेव्हा तिनं ती ओळखली होती. तिच्याशेजारचं लिंब ओळखलं होतं. दिवसाला चारशे आकार गिरवायचे होते. आपण फक्त छप्परं काढतोय, असं मनाशी म्हणून तिनं आईचं घर माऊसच्या चार टिचक्यांत चौकोनात बंद केलं होतं.

“कळलं होतं,” ती म्हणाली.

धनाजीची बायको शिवगंगा दारात उभी होती. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. नागूबाई म्हणाली, “जा आता. चारची गाडी हाय.” लेकीकडं न बघताच म्हणाली.

त्याच आठवड्यात वस्तीला नोटीस आली. गायरानातली बांधकामं काढून टाकायची होती. पण पंधरा वर्षांपूर्वीपासूनची राहती घरं असल्याचा पुरावा दिला, तर ती कायम करण्याचा विचार होईल असंही तिच्यात लिहिलेलं होतं. हरकत तीस दिवसांत, ऑनलाइन नोंदवायची होती. आणि ज्या चौदा घरांना ती भरायची होती, त्यातल्या एकालाही ती भरता येत नव्हती.

ऑनलाइन लागलेली ती नोटीस वाचून दैवशालानं ऑफिसात साहेबांना विचारलं. बसवराजसर वाईट माणूस नव्हते, पण घाईत असायचे.

“नोंद बदला म्हणतेस? उद्या दुसरी येईल, तिच्या मामाचं बदला म्हणेल. तालुक्याचा डेटा आहे तो.”

“सर, तिथं घरं आहेत.”

“मग हरकत घे. पोर्टल सगळ्यांसाठी उघडंय. पण घरी बसून घे, स्वतःच्या मशीनवर. ऑफिसचं नाव कुठंही यायला नको.”

शेजारच्या टेबलावरची शाहिस्ता हे ऐकत होती. साहेब गेल्यावर तिनं खुर्ची जवळ ओढली. “तू पुराना फोटो काढून बघितला का गं? सतरा वर्षांपूर्वीचा मिळतो, फुकट. नीट दिसंना, पण छप्पर दिसतं.”

त्या दोघींनी तो शोधला. चित्र धुरकट होतं, दुपारच्या उन्हात घेतलेलं, पण छपरं दिसत होती. दैवशालानं खोलीवर जाऊन एक साधं वेबपान तयार केलं. खाली आजचं चित्र, वर जुनं, आणि मधोमध एक उभी रेघ. रेघ उजवीकडं ओढली की जुना माळ उघडा व्हायचा, डावीकडं ओढली की आजचा. पण दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नव्हती. जुनं बारा-तेरा फूट सरकलेलं होतं, त्यामुळं छप्पर भलत्याच जागी जात होतं. ते नीट बसवायचं तर जागची न हललेली चार ठिकाणं लागणार होती, आणि ती कुठली हे प्रत्यक्ष जागेवर जाऊनच बघावं लागणार होतं.

म्हणून ती दुसऱ्यांदा वस्तीवर गेली. मोबाइल हातात धरून ती माळावर फिरायला लागली तशा बायका दारं ओढून घ्यायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं कुत्रं आवरायच्या ऐवजी सोडलं. ते भुंकत तिच्या मागं आलं. तिनं दगड उचलल्यावरच थांबलं. शिवगंगा पाण्याची घागर घेऊन जाताजाता म्हणाली, “वन्स, एकदा काढलं तेवढं पुरं न्हाय झालं का?”

सिदू बिरोबापाशी बिडी ओढत बसला होता. दैवशाला त्याच्याजवळ गेली.

“तात्या, मला येवढंच सांगा. सतरा वर्षांत काय काय हललं न्हाय इथलं?”

“आमी,” सिदू म्हणाला. “आमी न्हाय हललाव.”

ती तशीच उभी राहिली. त्यानं बिडी संपवली. मग न उठता त्यानं हातानं दाखवलं. विहिरीचा कठडा. बिरोबाचा ओटा. वाटेवरचा काळा धोंडा. आणि पलीकडं कल्याणप्पाच्या बांधावरचा सिमेंटचा हौद, जो त्याच्या बापानं बांधलेला होता. चारही ठिकाणी उभी राहून तिनं जागा नोंदवली. हौदाजवळ गेली तेव्हा कल्याणप्पाचा गडी अंगावर धावून आला, पण तोवर तिचं काम झालेलं होतं.

संध्याकाळी धाराशिवला परतल्यावर तिनं ती चार ठिकाणं दोन्ही चित्रांत जुळवली. जुना माळ सरकून आजच्या माळावर बसला. मग तिनं रेघ ओढली. आईचं घर होतं. सिदूतात्याचं होतं. एकेक मोजत गेली. अकरा छपरं जुन्या चित्रात होती. तीन जागी नुसता मुरूम होता.

त्या तिनातली एक जागा धनाजीची होती. धनाजीनं नऊ वर्षांपूर्वी, लग्न झाल्यावर, आईच्या घरामागं वेगळं घर बांधलेलं होतं. दैवशालाला ते ठाऊकच होतं. पत्रे आणायला तीही टेम्पोत बसून गेली होती. तरीही ती रेघ चार वेळा पुढंमागं ओढत राहिली.

धनाजीला सांगायला ती फोनवर धजली नाही. तिसऱ्या खेपेला तिनं लॅपटॉप आईच्या ओट्यावर ठेवला. धनाजीनं स्वतः रेघ ओढली. त्याला लगेच कळलं.

“हा कोपरा काप,” तो म्हणाला.

“कापता येतंय. पण दादा...”

“येतंय न्हवं? मग काप. येवढंच चित्र जोड, अकरा घरांचं. आमची तीन त्यात येऊच देऊ नको. चित्रातच न्हाय, तर इचारणार कोण?”

“हा फोटो माझा न्हाय. सगळ्यांचा हाय. कल्याणप्पा बी उघडू शकतो, साहेब बी. म्या कापलेला हाय हे त्यांना दोन मिनिटांत कळंल, आन् मग अकरा बी जातील. म्हणतील, हिनं एक लपवलं तर बाकीचं बी खोटंच.”

“तुला माझं घर लाल करताना काय वाटलं न्हाय. आता लाल ठेवताना बी काय वाटंना.”

“दादा, वाटतंय.”

“काय वाटतंय? सांग की! काय वाटतंय?” तो उठला. त्यानं लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की आतली काच तडकल्याचा आवाज आला. “तुझ्या शिक्षणासाठी म्या मेंढरं राखली. शाळा सोडली म्या. वर बसून बघायला शिकलीस ती ह्याच्यासाठी?”

शिवगंगा रडायला लागली. दैवशालानं आईकडं बघितलं. नागूबाई खांबाला टेकून बसली होती.

“काप,” नागूबाई म्हणाली.

“माय, तुझं बी घर जाईल.”

“जाऊ दे. सगळ्यांचं जाऊ दे. पर माझ्या एका लेकरानं दुसऱ्याचं पाडलं, हे नगं. काप म्हणते ना.”

दैवशालानं तडकलेला लॅपटॉप पिशवीत घातला आणि ती चालत हायवेवर आली.

हरकत तिनं शाहिस्ताच्या संगणकावरून भरली. चित्र अख्खं जोडलं. अकरा घरांपुढं बांधकामाचं साल म्हणून ‘सतरा वर्षांपूर्वी किंवा त्याआधी’ असं लिहिलं. उरलेल्या तीन घरांना नंतरची म्हणून नोंदवलं, आणि त्यांना गावठाणात जागा द्यावी अशी वेगळी विनंती खाली जोडली. अर्जदार म्हणून सगळ्या वस्तीचं नाव होतं आणि नकाशा तयार करणारी म्हणून तिचं.

सुनावणी तुळजापूरला तहसील कचेरीत होती. सकाळी अकराला वस्तीतली सगळी माणसं जीपमधून आली. त्यांच्यातलं कुणी दैवशालाशी बोललं नाही. ती भिंतीशी एकटीच उभी राहिली. समोर टेबलामागं एक अधिकारी बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी नकाशा मोठ्या पडद्यावर उघडला आणि रेघ स्वतः ओढून बघितली.

कल्याणप्पानं लगेच आक्षेप घेतला. त्याच्याबरोबर एक वकील होता.

“मॅडम, हे जुनं चित्र सरकवलेलं आहे,” वकील म्हणाला. “मूळ फोटोत ही छपरं तेरा फूट पश्चिमेला दिसतात. यांनी आपल्या सोयीनं ओढून आणलीत.”

बाईंनी दैवशालाकडं बघितलं. “खरंय का?”

“सरकवलेलं आहे,” दैवशाला म्हणाली. “जुने फोटो तसेच असतात, थोडे सरकलेले. चार ठिकाणं धरून ते बसवावे लागतात. मी कुठली धरली ते खाली लिहिलंय. विहीर, ओटा, धोंडा आणि अप्पांच्या बांधावरचा हौद. हौद आपल्या जागेवर बसला नसेल तर अप्पांनीच सांगावं.”

बाईंनी हौदावर चित्र मोठं केलं. रेघ इकडून तिकडं ओढली. हौद दोन्हीकडं एकाच जागी राहिला. कल्याणप्पा वकिलाच्या कानात काहीतरी बोलला, आणि वकील खाली बसला.

मग कल्याणप्पा स्वतः उठला. आवाज एकदम मऊ केला. “मॅडम, आमचं काय भांडण न्हाय गरिबांशी. पण ही म्हातारी हाय, नागूबाई. हिला इचारा की, हिच्या मागचं घर कधीचं. हिची लेक काय लिवती आन् ही काय सांगती, ते बगा.”

अप्पाला माळावरची सगळी भांडणं ठाऊक होती.

बाईंनी विचारलं, “आजी, तुमच्या घरामागचं घर कुणाचं?”

“लेकाचं.”

“कधी बांधलं?”

नागूबाई सरळ उभी होती. “माझ्या घरासंगंच. पंचवीस वर्षं झाली. चौदाची चौदा घरं तवाचीच हायती.”

कल्याणप्पा खाली बघत होता, आणि तो हसू दाबतोय हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. बाईंनी रेघ ओढली. आईच्या घरामागं, जुन्या चित्रात, रिकामा मुरूम होता.

“दैवशाला बंडगर,” बाई म्हणाल्या. “नकाशा तुम्ही केलाय. तुमचं काय म्हणणं?”

नागूबाईनं मान वळवली आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच लेकीकडं नीट बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. ती घरातला एखादा हुकूम असावा तशी होती.

“आई चुकीचं सांगतेय,” दैवशाला म्हणाली. “ते घर नऊ वर्षांचं आहे. पत्रे आणायला मीसुद्धा गेले होते. बाकीची दोन त्यानंतरची. अकरा घरं जुनी आहेत, ती फोटोत आहेत. जेवढं आहे तेवढंच मी लिहिलंय.”

बाईंनी काही टिपून घेतलं. धनाजी उठून बाहेर गेला. दार आपटलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अकरा घरं कायम करण्याची शिफारस झाली. तिघांना महिन्याभरात जागा सोडायची होती. घर पाडायला यंत्र येण्याची वाट धनाजीनं बघितली नाही. त्यानं स्वतःच पत्रे उतरवले, वासे मोकळे केले आणि बायकोमुलांसह आईच्या घरात राहायला आला. मधोमध एक कूड घातला. दैवशाला सुटीला आली की ज्या कोपऱ्यात झोपायची तो आता त्याच्याकडं गेला. हे तिला शाहिस्ताकडून कळलं. शाहिस्ताला जळकोटच्या एका नातेवाइकाकडून कळलं होतं. घरून कुणी फोन केला नाही. वाचलेल्या अकरा घरांतूनही केला नाही.

कल्याणप्पानं ऑफिसात तक्रार केली. बसवराजसरांनी तिला काढलं नाही, पण तुळजापूर तालुक्याच्या कामावरून हलवून परंड्याच्या कामावर टाकलं. “तिकडं तुझं कुणी नाहीय ना?” त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली.

दिवाळीच्या आधी सिदूतात्याचा फोन आला. आवाज कोरडाच होता.

“गावठाणात शाळंमागं जागा देऊ म्हणायलेत तिघांना. मोजून नकाशा लागतोय. ऑनलाइन टाकायचाय म्हणं. तलाठी म्हणतो बाहेरून करून आणा.” थोडं थांबून तो म्हणाला, “धनाजी तुला सांगू नको म्हणलाय. पर दुसरं कोण करणार?”

ती बुधवारी रजा टाकून गेली. शाळेमागं धनाजी टेप घेऊन उभा होता. तिला बघून तो निघून जाईल असं तिला वाटलं. पण त्यानं टेपचं एक टोक तिच्याकडं फेकलं आणि दुसरं धरून भिंतीच्या कोपऱ्याकडं चालायला लागला.

“किती?” तिनं विचारलं.

“एकवीस.”

“आणि आडवं?”

“चौतीस. वर चार इंच.”

तीन प्लॉट मोजायला दोन तास लागले. एकदा तिच्या पायात काटा घुसला, ती वाकून बसली, तेव्हा तो टेप ताणून धरून तसाच उभा राहिला, ती उठेपर्यंत. प्रत्येक आकृती मोबाइलवर पुरी झाली की ती त्याला दाखवायची. तो बघायचा. तिसऱ्या वेळी त्यानं बोटानं एक कोपरा दाखवला. “हितं नाला हाय. पावसात पाणी येतंय. रेघ आत घे.”

तिनं रेघ आत घेतली.

काम संपल्यावर त्यानं टेप गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीत टाकला. जळकोटचा फाटा तिथून दोन किलोमीटर होता. तो तिकडंच निघाला होता. त्यानं गाडी सुरू केली, तिच्या शेजारून नेली आणि थांबला नाही.

ती उन्हातून चालत फाट्यावर आली. एसटीला वीस मिनिटं होती. तिनं टपरीच्या सावलीत बसून मोबाइल उघडला आणि तीन आकृत्यांमागची माहिती भरायला घेतली. पहिलं नाव धनाजीचं लिहिलं.